बॉल दिसला पाह्यजे

सरदारकाका तुमच्याही ओळखीचे आहेत. तुमच्या गावात ते हिमालयात जायचं म्हणून दहा वर्षं बूट निवडत असतील, नाहीतर पेटी शिकायच्या आधी पेटीचं लाकूड. जायचं राहतं, शिकायचं राहतं, निवड मात्र अखंड चालू. वणीजवळच्या राजूर कॉलरीत त्यांनी गोल्फ खेळण्यासाठी चष्मा निवडायला घेतला आहे.

राजूरमध्ये गोल्फ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. इथे कोळसा आहे आणि चुन्याच्या भट्ट्या आहेत. एकीकडून काळी धूळ येते, दुसरीकडून पांढरी, आणि चष्मा लावणारा माणूस दिवसातून चार वेळा सदऱ्याचं टोक काचेवर फिरवत बसतो. गोल्फला लागतं तसलं गवत एप्रिल-मेमध्ये इथल्या म्हशींनी फक्त ऐकलेलं असतं. हा मुद्दा कुणी काढलाच, तर काका नाशिकचा दाखला देतात. "नाशकात गोल्फ क्लब मैदान हाये का नाई? तिथं कोन गोल्फ खेळते? पोट्टे किरकेट खेळतेत, म्हातारे फिरतेत, रणजीचे सामने होतेत. त्या मैदानाचं गोल्फवाचून अडत नाई, तं माह्या गोल्फचं मैदानावाचून काऊन अडावं?"

यावर आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही.

गोल्फ आणि सरदार म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला गोल्फपटू जीव मिल्खासिंग आठवतो. काका शीख नाहीत. कोळशाच्या खाणीत 'मायनिंग सरदार' हे कायद्याने ठरवून दिलेलं पद असतं. आपल्या हद्दीतलं छत तपासायचं, वायू तपासायचा, आणि कामगारांनी आत जायचं की नाही ते ठरवायचं, हे त्याचं काम. काकांनी ते वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, भूमिगत खाणींत निवृत्तीपर्यंत केलं. सेफ्टी लॅम्पची वात बारीक करायची आणि ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते का ते पाहायचं. मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेला की वीज तोडायची, असा नियम. ती निळी टोपी अंधारात ज्याला दिसते तो सरदार. दर काही वर्षांनी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत काका तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचत. ती त्यांना पाठ होती असं त्यांचे जुने सहकारी सांगतात, पण ते लोक पैजेत हरलेले आहेत.

तर अशा डोळ्यांच्या माणसाला बॉल दिसला नाही. सगळं तिथूनच सुरू झालं.

लेक आणि जावई टेक्ससात, डॅलसजवळ असतात. काका-काकू तिकडे गेले होते तेव्हा जावईबापूंनी एका शनिवारी त्यांना गोल्फच्या सरावाला, ड्रायव्हिंग रेंजवर नेलं. हातात काठी दिली, समोर बॉल ठेवला. काकांनी आयुष्यभर सब्बल चालवलेली. त्याच हिशेबाने त्यांनी ती काठी चालवली. ठण्ण आवाज झाला. शेजारचे दोन गोरे वळून पाहू लागले. जावई ओरडला, "बाबा! काय मारलात!" लेकीने टाळ्या वाजवल्या. काकूसुद्धा म्हणाल्या, "गेला बाप्पा लय दूर." काका आभाळात पाहत राहिले. आयुष्यातला पहिला फटका, बाकी सगळ्यांनी पाहिला, आणि मारणाऱ्यालाच दिसला नाही.

"माह्यावालाच बॉल, आन मलेच दिसला नाई," हे वाक्य त्यांनी परतीच्या विमानात म्हटलं, नागपूरच्या टॅक्सीत म्हटलं, आणि वणीच्या चष्म्याच्या दुकानात पायरी चढता चढता म्हटलं. त्यापुढचं वाक्य दुकानदाराच्या आता तोंडपाठ आहे: "कसाबी द्या, पन बॉल दिसला पाह्यजे."

पहिला बळी गेला त्यांच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा. या काचेत वरून लांबचं दिसतं आणि खालून वाचायचं. गोल्फमध्ये बॉल पायाशी असतो, म्हणजे मान खाली घातली की नजर नेमकी वाचायच्या भागातून जाते. तो भाग हातभर अंतरावरच्या पेपरसाठी केलेला आणि बॉल पाच फुटांवर, त्यामुळे बॉल फुगतो आणि जमीन वर आल्यासारखी वाटते. स्पष्ट दिसावं म्हणून हनुवटी छातीला टेकवली तर खांदा फिरत नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेले बरेच गोल्फवाले खेळताना फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा लावतात. ज्यांना गुणांचं कार्डही वाचायचं असतं, ते उजव्या काचेच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात जवळच्या नंबरची बारीकशी खिडकी बसवून घेतात. डावखुऱ्यांची खिडकी डाव्या काचेत. काकांनी तशी खिडकी बसवून घेतली. आता तिच्यातून ते विजेचं बिल वाचतात, तेही मान तिरपी करून, खुडूक कोंबडीसारखी.

मग रंग. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा बॉल उठून दिसावा म्हणून तपकिरी किंवा अंबर छटेच्या काचा बऱ्या पडतात, कारण त्या निळा उजेड गाळतात. हे खरं आहे. पाण्यावरची चमक मारायला पोलराइज्ड काच असते, हेही खरं. पण ग्रीनवरच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या, गवताची चमक गेली की त्याचा कल ओळखता येत नाही, अशी काही खेळाडूंची तक्रार असते. काकांना ग्रीन नाही, गवत नाही, पाणी तर टँकरचं. तरी त्यांनी या तक्रारीवर तीन आठवडे विचार केला आणि शेवटी पोलराइज्ड घेतलाच. दुसऱ्या दिवशी त्यांचा मोबाईल आडवा धरला की काळा पडायला लागला. ते तो घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. पोराने पाहिलं तर मोबाईल ठणठणीत. काकांनी पाहिलं तर काळा. दोघांची बरीच बाचाबाची झाल्यावर पोराने काकांच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतः लावला आणि म्हणाला, "काका, याच्यातून तं माही दुकानबी बंद दिसून राह्यली."

चष्म्याच्या कडा नकोत म्हणून कॉन्टॅक्ट लेन्सचा अध्याय झाला. लेन्स डोळ्यालाच बसते, मान फिरवली तरी बरोबर फिरते, दांडी आड येत नाही, घामाने घसरत नाही. पण वाऱ्यात डोळे कोरडे पडतात, वय झाल्यावर जास्तच, आणि ज्या गावाच्या हवेत चुना आहे तिथे तर विचारूच नका. दुकानदाराने हे सगळं सांगितलं. हात साबणाने धुवा, लेन्स नळाच्या पाण्यात बुडवू नका, झोपताना काढा, असंही बजावलं. एका डोळ्याला लांबची आणि एकाला जवळची लेन्स लावायचीही एक पद्धत असते, पण तिने अंतराचा अंदाज चुकतो, असंही सांगितलं. एकच गोष्ट त्याने सांगितली नाही, कारण ती सांगावी लागेल असं त्याला वाटलं नाही: ठेच्याशी भाकर खाल्ल्यावर त्याच बोटांनी लेन्स काढायला जाऊ नये. त्या दुपारी राजूरच्या त्या गल्लीत जो आवाज झाला, तो शेजाऱ्यांना खाणीचा भोंगा वाटला. काकू तांब्यावर तांब्या पाणी ओतत होत्या आणि काका ओरडत होते, "डोळे गेले तरी चालते, पन बॉल..."

"बॉल गेला चुलीत!" काकूंनी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा ते वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

'बॉल दिसला पाह्यजे' हे वाक्य आता गोल्फपुरतं उरलेलं नाही. लग्नाच्या मांडवात खुर्ची निवडताना, वणीला रंगनाथ स्वामींच्या जत्रेत उभं राहायची जागा धरताना, बसमध्ये खिडकीसाठी भांडताना, एवढंच काय, मतदान केंद्रात यंत्रासमोर उभं राहूनही काका हेच पुटपुटले म्हणतात. मतदान अधिकाऱ्याने त्यांना चिन्हांच्या यादीत बॉल नाही असं समजावून सांगितलं.

कुणी टोकलं की दाखले तयार. १९७४ ची अमेरिकन ओपन हेल अर्विनने चष्मा लावून जिंकली. टायगर वूड्सला उणे अकराच्या आसपास नंबर होता, त्याने १९९९ मध्ये लेझर करून घेतलं. हे वाचून काका नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लेझरची चौकशी करून आले. तुमचा प्रश्न नंबरचा नाही, मोतीबिंदूचा आहे, आणि तोही अजून कच्चा आहे, असं डॉक्टर म्हणाले. दुसरा कुणी खचला असता. काका खूश होऊन परतले, कारण मोतीबिंदू पिकला की डोळ्याच्या आतली लेन्सही निवडायची असते, एका अंतराची की अनेक अंतरांची, हे त्यांना तिथे कळलं. पानठेल्यावरच्या एकाने त्यांना क्रिकेटपटू पतौडींची आठवण करून दिली. १९६१ च्या अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, तरी पुढल्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी माणूस भारताचा कप्तान झाला. काकांनी शांतपणे विचारलं, "त्याले बॉल दिसत होता का नाई? मंग झालं."

या माणसाबद्दल काही चांगलं लिहायचं तर थोडं जिवावर येतं, पण नाकातोंडात धूळ जाणाऱ्या गावात ते लपूनही राहत नाही. निवडीत बाद झालेले काकांचे चष्मे घरात नाहीत. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा जो महागडा चष्मा त्यांनी 'कडेला बॉल वाकडा दिसतो' म्हणून आठवड्यात नापास केला, त्यातल्या नंबरच्या काचा काढून साध्या बसवल्या गेल्या आणि तो आता भट्टीवर चुना भरणाऱ्या एका बाईच्या डोळ्यांवर आहे. चुना डोळ्यात गेला तर आम्लापेक्षा वाईट. तो आत आत शिरत जातो, लगेच भरपूर पाण्याने धुवावं लागतं. काकांनी तिला तो देताना यातलं काही सांगितलं नाही. "तुले दिसला तं सांगजो," एवढंच म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात मात्र घोळ झाला. चष्मेवाल्याचा मुलगा नेत्रतपासणीचं शिक्षण घेऊन आला होता. त्याने एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं आणि काकांना समोर बसवून कागद ओढला. सहा बाय सहाच्या निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखता येतो. गोल्फचा बॉल नियमाप्रमाणे किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा. तो दीडशे मीटरच्या आसपास गेला की या मापाखाली येतो. पुढे आभाळात एखादा ठिपका जाणवेल कदाचित, पण तो पडतो कुठे ते सांगणं कठीण. "म्हणून मोठ्या स्पर्धांत बॉल कुठे पडला ते पाहायला पुढे माणूस उभा करतात, काका. तुमचा दोनशे मीटर गेला म्हणता ना? मग तो चष्म्यानंही दिसला नसता."

काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे जावयालेबी दिसला नाई?"

इतके महिने काच बदलत, रंग बदलत ते जे शोधत होते, ते बाकी सगळ्यांनी पाहिलं होतं याच भरवशावर. रात्री त्यांनी डॅलसला फोन लावला. जावईबापू आधी हसले, मग गडबडले, मग खरं बोलले. "नाही दिसला, बाबा. तिकडे उन्हात कुणालाच दिसत नाही. पण आवाज काय आला होता!"

"कसा आला?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न कुणी दुसऱ्याने विचारला असता तर तो साधा होता. खाणीत छत तपासायला सरदार काठीने ठोकून बघतो. छत पक्कं असेल तर टण्ण वाजतं. वर थर सुटलेला असेल तर भद्द, पोकळ. भद्द वाजलं की माणसं मागे घ्यायची आणि सुटलेला दगड सबलीने पाडायचा. काकांच्या हाताखाली काम केलेले लोक आजही सांगतात की ते ठोकून थांबत, मान कलती करत, आणि कधी कधी सगळ्यांना टण्ण ऐकू आलेलं असतानाही माणसं बाहेर काढत. त्यातल्या एका पाळीत दोन तासांनी छत आलं होतं. ती माणसं आता नातवंडांना घेऊन फिरतात.

जावयाने फोनवर जिभेने टाळूवर आवाज काढून दाखवला. काका म्हणाले, "पुन्हा." त्याने पुन्हा काढला. "पुन्हा." हा खर्च कोण भरतंय, असं काकू आतून ओरडेपर्यंत हे चाललं होतं. व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

चष्म्याचा विषय त्यानंतर बंद झाला, आणि गावाने सुटकेचा श्वास टाकला. पण इतकी वर्षं ड्रिल आणि पंख्यांच्या गोंगाटात काम केलं की कानाचे वरचे सूर आधी जातात. तो आवाज फोनवर काकांना नीट आला नव्हता, अर्धाच आला होता. सोमवारी सकाळी ते वणीला कानाच्या मशीनच्या दुकानात हजर होते. कानामागचं की कानातलं, सेलचं की चार्जिंगचं, किती चॅनेलचं, त्यांनी सगळं काढून घेतलं. दुकानातल्या मुलीने विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं कशासाठी हवंय? टीव्ही ऐकायला, की फोनसाठी?"

"गोल्फसाठी," काका म्हणाले.