आमच्याकडे जहाज लागत नाही

७ ऑगस्ट २०१० हा दिवस मुंबई विसरली असेल, पण भिवंडीतला कुठलाही इमानदार मासेखाऊ विसरलेला नाही. शनिवार होता. बुधवारपासून श्रावण, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा रविवार गटारीचा. घरोघर वाटण तयार. आणि नेमक्या त्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘एमव्ही खलिजिया-३’ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. एवढा अरबी समुद्र मोकळा पडलेला, तरी गाठ पडली ती गटारीच्या आदल्या दिवशी! पत्रिका जुळणं म्हणतात ते हेच.

चित्रा कलंडली. तिच्यावर बाराशेच्या आसपास कंटेनर आणि टाक्यांत अडीच हजार टनांहून जास्त इंधन तेल. त्यातलं किती सांडलं याचे अंदाज ८०० टनांपर्यंत गेले. कंटेनर वाऱ्यावर सोडल्यासारखे दर्यावर फिरू लागले. काहींतून बिस्किटं आणि कॉफीचे पुडे निघाले, काहींत कीटकनाशकं होती. किनाऱ्यावर वाहून आलेल्या कशालाही हात लावू नका, असं प्रशासन सांगत होतं. फुकटच्या बिस्किटाला हात लावू नका असं या देशात सांगणं, हाही एक धाडसी उपक्रमच.

रविवारी सकाळी मी बाजारात गेलो. एरवी जिथे कोपराने वाट काढावी लागते, तिथे रुमाल अंथरून झोपता आलं असतं. यांत्रिक बोटींची पावसाळी बंदी अजून उठलीही नव्हती, पण घाबरलेल्या गिऱ्हाइकाला कॅलेंडर दिसत नाही. नेहमीच्या मावशींनी मला लांबूनच हाक मारली, “दादा, ये! ताजी नाय, बर्फातली हाये! दोन महिने झाले!”

मासळी विकणाऱ्या बाईने आपली सुरमई शिळी असल्याची शपथ घेतल्याचं माझ्या आयुष्यातलं ते एकमेव उदाहरण. मी मटण घेऊन घरी आलो. मावशींची टोपली भरलेलीच राहिली. नुकसानभरपाईच्या कुठल्याही हिशेबात ती टोपली धरल्याचं मी वाचलेलं नाही.

आता साफसफाईकडे वळू, कारण खरी करमणूक तिथे आहे. आपल्याकडे तेलगळतीसाठी राष्ट्रीय योजना आहे आणि तिच्यात कामाची चोख वाटणी आहे. खोल समुद्रातलं तेल तटरक्षक दलाचं, बंदराच्या हद्दीतलं बंदराचं, किनाऱ्याला लागलेलं राज्य सरकारचं. अडचण एकच, तेलाने ही योजना वाचलेली नव्हती. ते सरळ उरण, घारापुरी, अलिबाग करत तिवरांत जाऊन बसलं. तिवराचं झाड चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतं. त्या मुळांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. लगेच पडत नाही, महिनोन् महिने उभ्याउभ्या मरतं. तोवर पाहणी दौरा आटोपलेला असतो आणि झाड हिरवं असल्याची नोंद झालेली असते.

वरून हेलिकॉप्टरने फवारणी झाली. फवारतात ते साबणाच्या जातीचं रसायन. त्याने तेलाचा तवंग फुटतो, बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात खाली उतरतात. तेल नाहीसं होत नाही, दिसेनासं होतं. पाहुणे यायच्या वेळी केर सतरंजीखाली सरकवायचं शास्त्र आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला हेलिकॉप्टर जोडलं एवढंच. खोल समुद्रात याला काही अर्थ तरी असतो. उथळ पाण्यात मात्र सतरंजीखाली कोण राहतं ते पाहावं. तिसऱ्या राहतात, कालवं राहतात, खेकडे राहतात. मासा अंगात गेलेल्या तेलातले विषारी घटक बऱ्यापैकी मोडून टाकतो. तिसरीला ते जमत नाही, ती साठवून ठेवते. नंतर आपण तिच्यात खोबरं घालतो.

यापेक्षा प्रामाणिक पद्धत २०१७च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला पाहायला मिळाली. तिथेही दोन जहाजांची टक्कर, तिथेही घट्ट काळं तेल, आणि ते उपसायला बादल्या. मच्छीमार, विद्यार्थी, स्वयंसेवक रांगेत उभे राहून हातोहात बादल्या देत होते. कित्येकांच्या हातात मोजेही नव्हते. अशा तेलाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, मळमळतं. कातडीवर पुरळ उठतं. स्पेनजवळ २००२ साली ‘प्रेस्टीज’ जहाज बुडालं, तेव्हा किनारा साफ करणाऱ्या मच्छीमारांना वर्ष-दोन वर्षांनंतरही श्वासाचा त्रास इतरांपेक्षा जास्त असल्याचं अभ्यासात दिसलं. बादली धुता येते, फुप्फुस येत नाही.

हे सगळं वाचून भिवंडीकर मिशीत हसतो. एवढ्यासाठी जहाज कशाला आपटायला हवं?

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्याच खाडीच्या आधाराने स्वराज्याची जहाजं बांधायला सुरुवात झाली. आज आमच्या कामवारी नदीत जहाज येत नाही. तेल मात्र येतं, आणि टक्कर न होता येतं. यंत्रमागाचं तेल, जनरेटरचं तेल, गोदामाच्या दारात उभ्या ट्रकच्या पोटातलं तेल, शिवाय डाइंगचं पाणी ज्या रंगाचं असेल त्या रंगाचा साज. ही आमची फुशारकी समजू नका. समुद्रात जाणाऱ्या तेलात बुडालेल्या जहाजांपेक्षा जमिनीवरून वाहून येणाऱ्या तेलाचा वाटा मोठा असू शकतो, हे अमेरिकेच्या विज्ञान अकादमीनेही तिकडच्या समुद्रांबद्दल लिहून ठेवलंय. पण आमच्या तेलाला नाव नाही. चित्रा नाही, प्रेस्टीज नाही. नाव नसलेल्या तेलावर हेलिकॉप्टर उडत नाही.

गंमत म्हणजे औषधही आमच्याच गावात पडलेलं आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो पाणी नाकारतो आणि तेल पितो. जगभरचे संशोधक यावर निबंध लिहितात. आमच्या कारखान्यातला पोरगा चिंधीने मागाचं तेल पुसतो आणि ती चिंधी गटारात टाकतो. म्हणजे तंत्रज्ञान आत्मसात झालंय, फक्त शेवटची पायरी उलटी झालीय. मग तोच पोरगा हात रॉकेलने धुतो. कातडीवरचं उरलंसुरलं तेलकट कवच त्याने निघून जातं आणि खाज सुरू होते. खोबरेल चोळून पुसावं, मग साबण लावावा, हे त्याला सांगणारी योजना अजून कुठल्या सरकारने आखलेली नाही.

परवा गाडीचं ऑइल बदलायला एका गॅरेजात गेलो होतो. जुनं ऑइल डब्यात काढून त्याने डबा कडेला सरकवला. मी विचारलं, “भाऊ, हे कुठे जातं?”

“पावसाळ्यात जातं,” तो म्हणाला.

“कुठे?”

तो माझ्याकडे बघत राहिला. गाडी भिवंडीची नसावी, अशी त्याला शंका आली असेल. शेवटी हाताने उताराची दिशा दाखवली. उताराला गटार, गटाराला नाला, नाल्याला कामवारी. कामवारी खाडीला मिळते, खाडी वसईला समुद्राला. तिथून पुढची हद्द तटरक्षक दलाची.