पाचशेचा बॉण्ड

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात जळगावचं ऊन असं तापतं, की सकाळी थापलेली बिबडी दुपारी खडखडीत. आमच्या आणि आक्कांच्या अंगणात कमरेइतकी भिंत. पलीकडे त्यांची खाट, खाटेवर ओलं धोतर आणि त्यावर बिबड्या. अलीकडे मी आणि माझा चहा. कोर्टात जन्मभर कारकुनी केली म्हणून गल्लीतला प्रत्येक खटला आधी या भिंतीवर दाखल होतो.

"ऐकलं का ताई," आक्का थापता थापता म्हणाल्या, "धुळ्यात एकानं दुसरी करून आणली. दोन्ही पोरीच झाल्या म्हणून. देवळात उरकलं, दहा-पंधरा माणसांत. पण पक्कं काम केलं हां. पहिलीकडून लिहून घेतलं, माझी हरकत नाही म्हणून. पाचशेचा बॉण्ड, वर नोटरीचा शिक्का."

"त्या बॉण्डवर बिबड्या वाळत घाला," मी म्हटलं. "हिंदू विवाह कायदा 1955 चा. पहिली जिवंत आहे, काडीमोड झालेला नाही, तर दुसरं लग्न लग्नच नव्हे. बायकोनं हो म्हटलं काय, बॉण्ड लिहिला काय, त्यानं कायदा बदलत नाही. वर सात वर्षांपर्यंत शिक्षा. आधी ते दंड संहितेत 494 कलम होतं, 2024 पासून न्याय संहितेत 82 झालं. आणि दुसरीपासून पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा वर्षांपर्यंत."

"लपवलं कुठं? तिले सगळं ठाऊक." आक्कांनी हात पाण्यात बुचकळला. "पण मले सांग, माझ्या आजेसासूले सवत होतीच ना? एका चुलीवर दोघी. त्यांच्या दाल्ल्याले कोणी नाही धरलं."

"तेव्हा कायदाच नव्हता. मुंबई सरकारनं तो 1946 मध्ये केला. आपला पूर्व खानदेश आणि धुळ्याचा पश्चिम खानदेश, दोन्ही मुंबई इलाख्यातच. पुढे लोक हायकोर्टात गेले. नरसू आप्पा माळी खटला, 1951 चा. म्हणणं काय, तर हिंदूला मुलगा पाहिजे, त्यासाठी दुसरी करणं हा आमचा धर्म. न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर समोर होते. छागलांनी म्हटलं, मुलगाच पाहिजे तर तोच धर्म दत्तक घ्यायलाही सांगतो."

आक्का हसल्या. "हे बरं सांगितलं. धुळ्याच्या सासूले ऐकवलं पाहिजे." मग त्यांना आठवलं, "पण शिरपूरकडं, चोपड्याकडं पावऱ्यांत दोन-दोन राहतात. त्यांचं काय?"

"1955 चा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. केंद्रानं तसं जाहीर केलं तरच लागेल. तोवर भिल्ल-पावऱ्यांचा रिवाज चालतो. मुसलमानाला त्याच्या शरियतीप्रमाणे चारपर्यंत चालतात. म्हणून काही हिंदू पुरुष धर्म बदलून दुसरी करायला लागले. सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये सांगितलं, पहिली तशीच ठेवून हे केलं तर गुन्हाच."

"म्हणजे बाकीच्यांले चालतं, आपल्याले नाही."

"चालत नाही म्हणून होत नाही का? 2019-21 ची सरकारी आरोग्य पाहणी बघा. नवऱ्याला दुसरी बायको आहे असं सांगणाऱ्या बायका मुसलमानांत शंभरात दोनाच्या आत, हिंदूंत एकाहून थोड्या जास्त. मनाई असून एवढ्या."

आक्का जरा गप्प राहिल्या. एक बिबडी चिरली, ती गोळा करून त्यांनी परत थापली. "मग त्या दुसरीचं काय होतं?"

"तिचे दोन्हीकडून हाल. भाऊराव लोखंडे खटला, 1965 चा, आपल्याच महाराष्ट्रातला. पहिलीनं फिर्याद केली, पण दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही. लग्न रीतसर लागलंच नाही, मग गुन्हा कुठला? नवरा सुटला. होम केला तर तुरुंगाची भीती, नाही केला तर ती बायकोच नव्हे. 1988 मध्ये सुप्रीम कोर्टानं दुसरीला पोटगीही नाकारली. 2013 मध्ये मात्र, जिला फसवून लग्न केलं तिला दिली. लेकरांना तेवढा आधार आहे. ती औरस धरतात, बापाच्या वाट्यात त्यांना हिस्सा मिळतो; 2023 मध्ये तेही पक्कं झालं."

"इथं होम होता," आक्का चटकन म्हणाल्या. "भटजी होता, सात पावलं चालले. मी फोटो पाहिला."

धुळ्यातल्या कोण्या एकाच्या लग्नाचा फोटो आक्कांच्या मोबाईलवर कसा आला, हे मी विचारलं नाही. कोर्टात एवढं शिकले. साक्षीदार स्वतःहून बोलत असला की मध्ये तोंड घालू नये.

"पण ताई, ते अकलूजचं? दोघी जुळ्या बहिणी, एकच नवरा. सगळ्या गल्लीनं व्हिडिओ पाहिला. त्याले काय झालं?"

"डिसेंबर 2022. पोलिसांनी अदखलपात्र गुन्हा नोंदवला, महिला आयोगानंही विचारणा केली. पण तपासाला कोर्टाची परवानगी लागते, ती मिळाली नाही. या गुन्ह्यात फिर्याद जिचं नुकसान झालं तिनं करायची असते. शेजारी-पाजारी, पोलीस, पेपरवाले, कोणाचंच चालत नाही. दोघी बहिणी खूश, मग फिर्याद कोण करणार?"

"म्हणजे पहिली गप्प, तर गुन्हाच नाही?"

"गुन्हा असतो. खटला नसतो."

"ती गप्पच राहील," आक्का खाटेकडे बघत म्हणाल्या. "दोन पोरी, माहेरी बाप नाही. म्हणे सही कर, नाहीतर पोरींसकट बाहेर हो. तिनं केली."

"तिला कोर्टाची पायरी चढवत नसेल तर तिच्या वतीनं दुसरं कोणी फिर्याद करू शकतं. कायद्यात नाती मोजून दिली आहेत. आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी. शिवाय बापाचे भाऊ-बहिणी आणि आईचे भाऊ-बहिणी. म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी."

आक्कांचा हात धोतरावर तसाच राहिला.

"मावशीबी?"

"मावशीसुद्धा."

उन्हात खाटेची कडेची बिबडी आपोआप वर उचलली गेली. आक्कांनी ती उलटली नाही. हात पदराला पुसून त्या भिंतीजवळ आल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज गल्लीला ऐकू जाणार नाही एवढा उतरला.

"आखाजीले येऊन राहिली ती माझ्याकडं. दोन्ही पोरी घेऊन. आधी तिले इचारते."

"विचारा. तिची इच्छा नसेल तर जबरदस्ती नको. आणि आक्का..."

"काय?"

"मोबाईलमधला तो होमाचा फोटो पुसू नका."