बावन्न दरवाजांच्या शहरात त्रेपन्नावा

छत्रपती संभाजीनगर हे बावन्न दरवाजांचं शहर. त्यातला भडकल दरवाजा मलिक अंबरनं १६१२ साली बांधला, तो अजून जागच्या जागी आहे. अशा गावात ओम्नीला जुना सरकता दरवाजा घ्यायला निघालेल्या माणसाकडून थोडी तरी शिस्त अपेक्षित असते. तो ती पाळत नाही, म्हणून ही नियमावली.

हे गिऱ्हाईक म्हणजे बहुधा साठीकडे झुकलेले काका. खिशात टेप नसते. ‘आपल्या डोळ्यातच टेप आहे’ हे त्यांचं ब्रीद. काकू याच डोळ्यांनी आणलेल्या पडद्यांचा विषय काढतात, तो इथं नको.

नियम पहिला : गाडीचं साल आरसीवर बघावं. मारुतीनं १९८४ मध्ये ही गाडी आणली तेव्हा तिला नुसतं ‘व्हॅन’ म्हणत, ‘ओम्नी’ हे नाव १९८८चं. २०१९मध्ये ती बंद झाली, पण मधे १९९८ आणि २००५ साली तोंडवळा बदलला. त्यामुळे पुढचा पत्रा, बंपर, हेडलाइट घेताना साल जुळलंच पाहिजे. काकांना साल आठवतं ते ‘थोरलीच्या बारशाच्या आदल्या दिवाळीत’ असं. ईकोचा दरवाजा ‘थोडा घासून’ लावून देतो असं कुणी म्हणालं, तर चहा संपवून उठावं.

नियम दुसरा : ड्रायव्हर साइडचा दरवाजा क्लीनर साइडला लागत नाही. हो, हेही सांगावं लागतं.

नियम तिसरा : फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती खिशात घालून न्यावा. पत्र्यावर तो घट्ट बसतो. जिथून घसरतो, तिथं रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. टिचकी मारली की पत्रा टणटणतो, लांबी ढब वाजते. मग दरवाजा आडवा करून खालची दुमड तपासावी. पावसाचं पाणी तिथं साठतं आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून ताजा रंग चकाकत असेल, तर दुमड दोनदा बघावी.

आता मापाचं. सरकता दरवाजा वरच्या, खालच्या आणि मागच्या पत्र्यावरच्या मधल्या रेलमधून पळतो. म्हणून नुसतं टरफल न घेता रोलर नि लॉकसकट दरवाजा घ्यावा, रोलर हातानं फिरवून बघावेत. सुतळीनं दोन्ही कर्ण मोजून जुन्या दाराशी ताडावेत. जुनं चेपलेलं असेल, तर पलीकडच्या धडधाकट दारावर माप घ्यावं.

काका यातलं काहीच करत नाहीत. ते भाव करतात. “नाहीतरी जालन्याच्या भट्टीत जाऊन सळई होणार याची, किलोच्या भावानं द्या!” दुकानदारही मुरलेला असतो. “ले जाव मामू, बैठताइच.” या बैठण्यात काय काय बसतं, हे घरी गेल्यावर कळतं.

घरी डेंटर लाकडी ठोकळा लावून हातोडी मारतो. वर दार घासतं, खाली बोट जातं. दीड तासानं तो म्हणतो, दार सरळ आहे हो, गाडीच तिरकी आहे. फाटकाच्या खांबाला घासली तेव्हा दाराबरोबर चौकटही दबली होती. खरं तर आधी आपल्या गाडीची चौकट मोजावी, हाच पहिला नियम हवा होता. पण तो पहिला लिहिला असता, तर काकांनी पुढचं वाचलंच नसतं.

मग काका विकून का टाकत नाहीत ही गाडी? पुढच्या सीटखालीच ७९६ सीसीचं इंजिन, वैशाखात बूड भाजतं. तरी वेरूळ, पैठण, लग्नकार्यं, सगळं हिच्यातूनच झालं. पाच जणांच्या जागी नऊ बसायचे, दहावा कुकर मांडीवर घेऊन.

सध्या निळ्या गाडीला पांढरा दरवाजा आहे. तो दोन धक्क्यांत लागतो. दुसरा धक्का वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतो आणि काकू चहाचं आधण ठेवतात.