जवाईबापूंचा थ्री-पीस

मे महिन्यात अकोटात अंगावर काय घालावं, याचं उत्तर अकोटच्या शिवारातच उगवतं. काळ्या जमिनीत कापूस होतो, जिनिंगमध्ये त्याची सरकी वेगळी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा हा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावानं ओळखला जायचा. एवढ्या कापसावर वाढलेल्या मी साळ्याच्या लग्नासाठी पॉलिस्टरचा थ्री-पीस ठरवला. भर मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर.

दोष मोबाइलचा. रात्री जेवण झालं की मी ‘पुरुषांनी कपडे कसे घालावेत’ या विषयावरचे व्हिडिओ पाहायचो. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसला पाहिजे, पॅन्टची मोहरी बुटावर अलगद टेकली पाहिजे, सगळं पाठ झालं. सांगणाऱ्या मुलाला पोट नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आधी अकोल्याला जाऊन तयार सूट पाहिले. छातीला बसला की पोटाशी बटण लागेना, पोटाशी लागलं की खांदे दंडावर उतरले. यात माझा एकट्याचा दोष नाही. आपल्याकडच्या तयार कपड्यांची मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून बेतलेली. म्हणून तर केंद्र सरकारनं ‘निफ्ट’कडे ‘इंडियासाइज’ नावाचं काम दिलं : सहा शहरांतल्या सुमारे २५,००० माणसांची त्रिमिती स्कॅनरनं मापं घेऊन भारतीय देहाचा तक्ता करायचा. शहरं मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. मेघालयाची नोंद झाली, वऱ्हाडी पोट मात्र अजून सरकारदरबारी रुजू झालेलं नाही.

मग आमच्या गल्लीतले मास्तर. दुकान एवढंसं, पण भिंतीवर दोन फोटो : एका बाजूला सुटातले बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला गाडगेबाबा. मी तोऱ्यात सांगितलं, “मास्तर, स्लिम फिट शिवा.”

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली. “शिवतो न सर. पन त्याच्यात मानूसबी स्लिम टाकावा लागते.”

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेप कमरेला आली तेव्हा आपोआप पोट आत गेलं. यात लबाडी नव्हती, ते आपसूक होतं. डॉक्टरकडे छातीला नळी लावली की जसा आपण मोठा श्वास घेतो, तसं.

“सर, श्वास सोडा.”

“सोडलाच आहे.”

“नाई सोडला. मी तीस वर्षांपासून पोटंच मोजून राह्यलो.”

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, आत्ता आहे तेच माप घ्या, लग्नापर्यंत कमी करणार आहे. मास्तरांनी ‘बरं’ म्हणून आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे काहीतरी बारीक खूण केली. ती कशाची, हे मला नंतर कळलं. मग ते भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, “सर, एकाले कोर्टात जाचं होतं, कायदा लिवाचा होता. एकाले खराटा घेऊन गाव झाडाचं होतं. दोघायचेबी कपडे बराबर. तुम्हाले कुठं जाचं हाये?”

गाडगेबाबा शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. चिंध्यांची गोधडी आणि डोक्यावर गाडगं, हा त्यांचा पोशाख कामाला इतका चपखल होता की त्यावरूनच नाव पडलं. बाबासाहेबांच्या कोटाच्या खांद्याला तर माझ्या मोबाइलमधल्या मुलानंही पैकीच्या पैकी मार्क दिले असते. या दोघांसमोर उभं राहून मी उत्तर दिलं, “रिसेप्शनला.”

लग्नाच्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल सहज धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. बाहेरचं पॉलिस्टर, आतलं अस्तर पॉलिस्टर, वेस्टकोटाची पाठ पॉलिस्टर. त्यामुळे निघालेला सगळा घाम मधल्या मधे मार्ग शोधत खाली उतरला आणि इटालियन म्हणून घेतलेल्या बुटांत साचला. मांडवाच्या कोपऱ्यात ट्रकच्या चाकाएवढा पंखा असलेला कूलर होता. त्याच्यापुढे मी असा उभा राहिलो की मागच्या सगळ्या वऱ्हाडाची हवा बंद झाली. “जवाईबापू, जरा सरका” असं आधी आदरानं, मग नुसतं “सरका” असं ऐकू येऊ लागलं.

शिवाय सूट कुणाला दिसलाच नाही. मी जवाई. मांडवात शिरताच गळ्यात दुपट्टा पडला, डोक्यावर पांढरी टोपी आली, हातात नारळ. आहेराची टोपी ही एकाच मापाची असते आणि ती कुणाच्याच डोक्यात बसत नाही. कॉलरच्या, टायच्या, खिशातल्या रुमालाच्या घडीच्या वर दुपट्टा असा काही पसरला की सगळ्या फोटोंत मी सरपंचपदाचा पडलेला उमेदवार दिसतो. कफ अर्धा इंच बाहेर होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. पुरावा नाही.

पंगतीला बसायची वेळ आली तेव्हा पोटाचा प्रश्न उभा राहिला. वेस्टकोटाची बटणं ताणून माझ्याकडे पाहत होती. तेवढ्यात समोर मास्तर. अकोटात लग्नाला कोण नसतं? अंगात पांढरा सुती शर्ट, वरचं बटण मोकळं, बाह्या दुमडलेल्या. अख्ख्या मांडवात घाम न आलेला तो एकच माणूस असावा. त्यांनी लांबूनच माझं माप घेतलं आणि जवळ आले.

“खालचं बटन खोला सर. ते तसंबी लावाचं नसते.”

हे मला ठाऊक होतं! वेस्टकोटाचं शेवटचं बटण न लावण्याची चाल इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्यावरून पडली असं सांगतात. त्याचं पोट इतकं सुटलं की बटण लागेना, आणि दरबाऱ्यांनी अदबीनं आपापली बटणं उघडी ठेवली. मी ही हकिकत मास्तरांना उत्साहानं ऐकवली.

“मंग तं बरंच झालं,” ते म्हणाले. “तुम्ही वरचेबी खोला. पाहू कोन कोन करते.”

कुणी केलं नाही. पण बसताना पॅन्ट उसवलीही नाही. त्या बारीक खुणेचा अर्थ तेव्हा उलगडला : मास्तरांनी मी सांगितलेला आकडा लिहिला होता आणि शिवला होता खरा आकडा. वर शिवणीत दोन इंच माया सोडली होती, पुढच्या लग्नासाठी.

सूट आता कपाटात आहे. आहेरात मिळालेलं शर्टाचं कापड मात्र घरात फिरत राहिलं. बदामी रंग, बारीक तपकिरी चौकडी. असलं कापड दुसऱ्याला आहेर करावं तर ज्याचं त्यालाच परत जाण्याची भीती असते. शेवटी मास्तरांकडे नेलं. अठ्ठावन्न इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटरच्या आसपास कापड लागतं. आहेराच्या पाकिटात तेवढं क्वचितच असतं. मास्तरांनी टेप लावली, मान हलवली आणि अर्ध्या बाहीचा शर्ट शिवला. या वेळी मी श्वास सोडला होता.

दिवाळीनंतर सासरच्या एका चुलत आजोबांची तेरवी होती. प्रसंग ओळखून कपडे घालायचे, हे आता पक्कं झालं होतं. भडक नको, चकचकीत नको, बसायला-उठायला मोकळं हवं. बदामी शर्ट घातला. आरशात पाहिलं, खांद्याची शिवण अगदी हाडावर.

मांडवात पोचलो तर थोरले साडू तोच शर्ट घालून उभे. मग मधले. मग बायकोच्या चुलत बहिणींचे नवरे. एकाच घरचे जवाई, एकाच लग्नातला आहेर आणि प्रत्येकाचा विचारही एकच : लग्नाला घालवत नाही, टाकून देववत नाही, तेरवीला चालून जाईल. कापड सगळ्यांनाच कमी पडलं होतं, त्यामुळे बाह्याही अर्ध्याच. आम्ही एकमेकांकडे न पाहता एका ओळीत उभे राहिलो.

एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी चष्मा सारखा केला. “आले काय बाप्पा केटरिंगवाले! अबे, उभे काऊन राह्यले? पंगत बसली, पत्रावळी टाका!”

थोरले साडू मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पत्रावळींचा गठ्ठा उचलला. मग बोलणार कोण? माझ्या वाट्याला वरणाची बादली आली. आणि सांगतो, असा कपडा आयुष्यात अंगाला बसला नव्हता. वाकलं तरी पाठीत ओढ नाही, मुंढ्यात हात मोकळा, बाही बादलीत बुडायचा प्रश्नच नाही. पुढची ओळ संपवून मी झोकात वळलो तेव्हा बायकांच्या पंगतीतून हिची हाक आली, “ओ भाऊ, इकडं मीठ नाई वाढलं!”