दक्षिणमुखी

आमच्या जुन्नर तालुक्यात आठवडे दोनच प्रकारचे : दिवसाच्या लाईटचा आणि रात्रीच्या लाईटचा. रात्रीच्या आठवड्यात सोयरिकीची बोलणी कुणी ठेवत नाही, कारण मुलीचा बाप जांभई देतो आणि पाहुण्यांना वाटतं, स्थळ पसंत नाही.

रात्री बारानंतर कांद्याला पाणी भरायचं म्हणजे एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी आणि खिशातल्या मोबाईलवर जोरात लावणी. लावणी हौसेची नाही, बिबट्यासाठी. माणसाचा आवाज असला की तो लांब राहतो म्हणतात. माणिकडोहच्या निवारा केंद्रातल्या बिबट्यांपैकी काहींना लावणीची चाल नक्की ओळखू येत असणार.

म्हणून आम्ही सौर पंप घेतला. बिल वाचवायला नव्हे. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सरकारच भरतं, तेव्हा वाचवायला बिल नव्हतंच. झोप वाचवायची होती. सरकारच्या सौर पंप योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर साडेसात. पैसे दहा टक्के आपले, अनुसूचित जाती-जमातींना पाचच टक्के. आमच्या वाटण्या झालेल्या, त्यामुळे आम्ही तीनच्या पंगतीत बसलो. मोठी मोटर मिळावी म्हणून भावकी पुन्हा एक करावी, असा विचार आबांनी अर्धा कप चहा संपेपर्यंत केला आणि सोडून दिला.

प्लेटा बसवायला आलेल्या पोरानं त्यांची तोंडं दक्षिणेला केली, तिथं आबा अडले. दक्षिण यमाची दिशा. पोरगा म्हणाला, "आबा, आपल्याकडून सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडंच कललेला दिसतो. उत्तरेला तोंड केलं तर पाणी कमी येईल." आबांनी वर पाहिलं, विचार केला आणि म्हणाले, "मारुतीसुद्धा दक्षिणमुखीच असतोय की." प्लेटांपुढं नारळ फुटला. पोरानं खोबरं खाल्लं आणि पाच वर्षांच्या देखभालीचा कागद दिला.

सकाळी मोटर कुंथत सुरू होते, पाइपातून करंगळीएवढी धार. बारा वाजता ती अंगात येते, नेमकी तेव्हा, जेव्हा माणसाला बांधावर उभं राहवत नाही. बरं, ऊन जितकं कडक तितकं पाणी जास्त, हा आबांचा हिशेबही एप्रिलमध्ये चुकला. प्लेटेला उजेड हवा असतो, उष्णता नको. पंचवीस अंशांच्या वर जसजशी तापते तसतशी तिची ताकद उतरते. तिलाही ऊन लागतं म्हटल्यावर आबांना तिची माया आली. आता रोज सकाळी ते तिच्यावरची धूळ पुसून काढतात. एवढ्या प्रेमानं त्यांनी आम्हा भावंडांपैकी कुणाचंही तोंड कधी पुसल्याचं आठवत नाही.

खरी पंचाईत आहे ती भांडायला माणूस न उरण्याची. पूर्वी फ्यूज गेला की अर्धा गाव डीपीखाली जमायचा, वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, मग राजकारण, मग कांद्याचा भाव. दोन लग्नं तिथं जमलेली मला माहीत आहेत. आता मोटर थांबली तर वर बघायचं. त्यात जुलैतलं आभाळ सगळ्यात वाईट. भरून येतं, बरसत मात्र नाही, म्हणजे वरचं पाणीही नाही आणि विहिरीतलंही नाही. आबा पहाटे सूर्याला अर्घ्य देतात. हल्ली त्यानंतर हात न जोडता, कमरेवर ठेवून विचारतात, "काल तीन ते साडेतीन कुठं होतास?"

आणि मार्चमध्ये भांडायला माणूस मिळाला. शेजारच्या बांधावर भावकीतल्या नानांनीही प्लेटा लावल्या. बिल नाही, भारनियमन नाही, दोन्हीकडच्या मोटरी उजाडल्यापासून मावळेपर्यंत उपसतायत आणि दोन्ही विहिरींचा झरा एक. दुपारी एकला ऊन कडक, प्लेटा चकाचक आणि विहिरीत तळाचे दगड. कोरडी चालून जळू नये म्हणून मोटर आपोआप बंद पडते. तिला जेवढं कळतं तेवढं भावकीला कळत नाही, असं आबा नानांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. मग गड्याकडून निरोप धाडला : तुमच्या प्लेटांना रविवारची सुटी द्या.

उलट निरोप लगेच आला : आधी तुमच्या दक्षिणमुखीला शनिवारचा उपास धरायला लावा.