बाबागाडीवरचा आरोप

सिरिल कॉनली या इंग्रज समीक्षकाने १९३८ साली चांगल्या कलेच्या शत्रूंमध्ये दारातल्या बाबागाडीचीही गणना केली. तेव्हा त्याला स्वतःला एकही मूल नव्हतं. (आरोपी घरात नसला की खटला कसा झटपट निकाली निघतो!)

दहा वर्षांनी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लेखिका शर्ली जॅक्सन अशीच एक बाबागाडी ढकलत चढ चढत होती. गाडीत मुलगी, वाणसामान, डोक्यात कथा. तिच्याच सांगण्यानुसार, घरी येताच तिने पोरीला खेळायच्या कठड्यात सोडलं, भाजी फ्रिजमध्ये ढकलली आणि लिहायला बसली. ती कथा, ‘द लॉटरी’, जून १९४८मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने छापली. त्या उन्हाळ्यात तीनशेवर पत्रं आली, बहुतेक वैतागलेली. कथा न आवडल्याचं कळवणाऱ्यांत तिची आईही होती.

तिसऱ्या बाळंतपणाला ती दवाखान्यात गेली, तेव्हा कारकूनबाईंनी व्यवसाय विचारला. ‘लेखिका’ म्हणाली. बाईंनी गृहिणी लिहायचं ठरवलं. शर्लीने पुन्हा सांगून पाहिलं, बाई ठाम.

तिचा नवरा स्टॅनली हायमन समीक्षक. घर तेच, पुढे चार झालेली पोरंही तीच. त्याच्या व्यवसायापुढे मात्र कुणी ‘गृहस्थ’ लिहिल्याचं ऐकिवात नाही.