जिवंत असल्याचा पुरावा

नोव्हेंबर उजाडला की बँकांत निवृत्तांची रांग लागते, हयातीचा दाखला द्यायला. केंद्राच्या ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. काळाचा भरवसा सरकारही धरत नाही. 2014 साली ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आला आणि अंगठा जिवंत असला की भागू लागलं. पण आयुष्यभर फायली उलटून झिजलेला अंगठा यंत्राला पटेना. समोर आजोबा तावातावाने भांडताहेत, आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही! (भांडण हाच हयातीचा पुरावा धरला, तर पुण्यात एकही पेन्शन अडायची नाही.) आता मोबाइलला चेहरा दाखवून डोळे मिचकावले तरी चालतं. दाखल्यासाठी पोस्टमनही घरी येतो. तेव्हा घरात कुणी सरकारी पेन्शनर असतील, तर 30 नोव्हेंबरच्या आत त्यांना जिवंत करून घ्या.